दोन छत्रपति आणि एक धरण



आषाढाची झड लागली म्हणजे कोल्हापूरच्या घराघरांत दोन गोष्टींची विचारपूस रोज सुरू होते. पहिली ही कीं, राधानगरी भरलें काय आणि त्याचे दरवाजे किती उघडले? आणि दुसरी ही कीं, राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगा किती फुटांवर आली? ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. हे आंकडे तेथील शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात. २०१९ आणि २०२१ ह्या दोन्ही वर्षीं पाणी ५५ फुटांच्याही वर चढलें, तेव्हां तर सबंध शहराचे कान ह्याच दोन बातम्यांकडे लागून राहिले होते.

पण हीं दोन नांवें एका श्वासांत घेतांना एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. राधानगरीचें धरण हा शाहू छत्रपतींचा संकल्प. आणि राजाराम बंधारा हें त्यांचे चिरंजीव राजाराम छत्रपति ह्यांच्या कारकीर्दींतील काम. एक नदीच्या माथ्याशीं, दुसरें शहराच्या पायथ्याशीं. पिता आणि पुत्र ह्यांच्या दोन कारकीर्दी एकाच पाण्याच्या प्रवाहावर अशा मागेंपुढें उभ्या आहेत.

ह्या दोन कारकीर्दींची तुलना करावी असें पुष्कळ दिवस माझ्या मनांत होतें. तुलना म्हटली कीं थोर कोण आणि धाकुटा कोण, हा प्रश्न प्रथम पुढें येतो. त्याचें उत्तर देण्यासाठीं आपला वेळ घेण्याचें मला कारण नाहीं. शाहू महाराज थोर, हा निकाल लोकांनीं केव्हांच देऊन टाकला आहे आणि तो मलाही मान्य आहे. मला विचारावयाचें आहे तें निराळेंच. एका राजानें आरंभिलेलें कार्य दुसऱ्याच्या हातीं अर्धवट स्थितींत आलें, तर त्या दुसऱ्याचें मोजमाप कशानें करावें? बापाच्या कीर्तीनें, कीं स्वतःच्या कर्तृत्वानें? आणि बापाची कीर्ति जी आज आपण गातों, तींत त्या मुलाचा कांहीं वांटा धरावा कीं नाहीं? ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा, तर राधानगरीसारखी दुसरी जागा नाहीं. म्हणून आज आपणांस थोडा वेळ तेथें घेऊन जातों.

कोल्हापुराहून नैर्ऋत्येस, भोगावतीच्या कांठाकांठानें फोंडा घाटाची वाट धरली, म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर राधानगरी लागते. पुढें दाजीपूरचें रान. पूर्वी हें छत्रपतींचें शिकारीचें राखीव रान होतें. १९५८ सालापासून तें गव्यांसाठीं अभयारण्य झालें आहे. ह्या घाटमाथ्यावर वर्षाकांठीं दीडशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. आणि हीच नदी पंचगंगा होऊन जेथें नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते, त्या शिरोळच्या बाजूस जेमतेम वीस-पंचवीस इंच! एकाच संस्थानाच्या एका टोंकाला छत्रीचा उपयोग होत नाहीं आणि दुसऱ्या टोंकाला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. पावसाळ्याचे चार महिने नदी दुथडी भरून वाहावयाची, आणि चैत्र-वैशाखांत तिच्या पात्रांत डबकीं राहावयाचीं. धरणाची सारी कल्पना ह्या एका विषमतेंतून निघाली आहे. जेथें पाणी नको तितकें पडतें तेथें तें अडवावें, आणि जेथें तें हवें तेथें, हवें त्या वेळीं सोडावें.

ही कल्पना शाहू महाराजांच्या मनांत कां रुजली, हें समजण्यास त्यांच्या कारकीर्दीचा आरंभ पाहिला पाहिजे. कागलच्या घाटगे घराण्यांत २६ जून १८७४ रोजीं जन्मलेला हा मुलगा १८८४ च्या मार्चमध्यें कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. राजकोट आणि धारवाड येथें शिक्षण झालें, आणि २ एप्रिल १८९४ रोजीं राज्यकारभार हातीं आला. त्या वेळीं महाराजांचें वय वीस वर्षांचेंही पुरें नव्हतें. सुमारें तीन हजार चौरस मैलांचा मुलूख आणि नऊ लाखांच्या आसपास प्रजा. कारभार हातीं येऊन दोन-तीन वर्षें होतात न होतात तोंच १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग. पुढें शतक पालटतांना पुन्हा अवर्षण. तरुण राजानें धान्य आणविलें, दुष्काळी कामें काढलीं, गुरांची सोय केली. पण दुष्काळ आल्यावर त्याच्याशीं झगडणें निराळें, आणि तो येण्यापूर्वीच त्याची वाट अडविणें निराळें. विहिरी आणि तलाव ह्यांच्या कामांस संस्थानांत त्यानंतर जी गति आली, तिच्या मागें ह्या वर्षांची आठवण होती असें मानावयास हरकत नाहीं.

त्यांतलेंच सर्वांत मोठें साहस म्हणजे भोगावतीवरचें हें धरण. १९०८ च्या सुमारास फेजिवड्याजवळ ह्या कामासाठीं नवी वसाहत झाली. त्याच सुमारास महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब ह्यांचा विवाह देवासचे तुकोजीराव पवार ह्यांच्याशीं झाला होता. नव्या गांवास लेकीचें नांव मिळालें, तें राधानगरी. आणि जलाशयास राणीसाहेब लक्ष्मीबाई ह्यांचें, तो लक्ष्मी तलाव. स्वतःचें नांव महाराजांनीं ह्यांतील कशालाच दिलें नाहीं. काम सुरू झालें. एका मध्यम आकाराच्या संस्थानानें आपल्या तिजोरीच्या बळावर नदी अडवावयास निघणें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. पहिलें महायुद्ध पेटलें, सामान महागलें, पैसा आटला. १९१८ पर्यंत भिंत सुमारें ४० फूट उंचीपर्यंत येऊन थांबली. आजच्या धरणाची उंची सुमारें १४० फूट आहे. म्हणजे महाराजांच्या हयातींत स्वप्नाचा एक-तृतीयांश देखील उभा राहिला नाहीं. ६ मे १९२२ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें, तेव्हां त्यांना अठ्ठेचाळिसावें वर्ष चालू होतें.

परंतु ह्या अठ्ठावीस वर्षांत महाराजांनीं दुसरेंही एक धरण बांधावयास घेतलें होतें, आणि तें दगडचुन्याचें नव्हतें. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानें संस्थानच्या नोकऱ्यांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम झाला. १९०१ पासून व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मुसलमान बोर्डिंग, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग अशीं एकामागून एक वसतिगृहें उभीं राहिलीं. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याचा हुकूम निघाला. १९१८ मध्यें महार वतनाच्या वेठीवर आणि कुळकर्णी वतनावर घाव बसला. १९१९ मध्यें सार्वजनिक ठिकाणीं शिवाशिव पाळण्यास मनाई झाली. १९२० च्या मार्चमध्यें माणगांवच्या परिषदेंत महाराजांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेजारीं उभें राहून, हा तुमचा पुढारी आहे, अशा आशयाचें भाषण केलें. विद्येचें पाणी कांहीं थोड्या घरांच्या अंगणांत अडून राहिलें होतें. तें शिवारभर खेळावें, एवढाच ह्या सर्व हुकुमांचा इत्यर्थ होता. आणि हेंही काम, धरणासारखेंच, आरंभ करणाऱ्याच्या आयुष्यांत पुरें होण्यासारखें नव्हतें.

आतां राजाराम महाराजांकडे वळूं. १८९७ सालचा त्यांचा जन्म. इंग्लंडांत आणि पुढें अलाहाबादेस शिक्षण. धाकटे बंधु शिवाजी १९१८ सालीं शिकारींतील अपघातानें दगावले. तो घाव वडिलांच्या मनावरून अखेरपर्यंत गेला नाहीं. १९२२ मध्यें गादीवर आले तेव्हां राजाराम महाराज पंचविशीच्या आंतच होते. राज्य मिळालें, त्याबरोबर बापाचे मित्र मिळाले, बापाचे शत्रूही मिळाले. आणि सर्वांत अवघड वारसा म्हणजे बापाची उंची मिळाली. वडाच्या छायेंत वाढलेल्या झाडाकडे लोक पाहतात तें वडाशीं ताडून. राजाराम महाराजांचे जें कांहीं वाईट नशीब म्हणावयाचें, तें हेंच.

त्यांच्या अठरा वर्षांत काय झालें? शाहूंचें धोरण त्यांनीं मोडलें नाहीं, ही पहिली नोंद केली पाहिजे. ती क्षुल्लक नाहीं. थोर सुधारकाच्या पश्चात् त्याचे हुकूम हळूहळू दप्तरांत जाऊन पडावे, आणि दुखावलेल्या मंडळींनीं नव्या राजाचे कान भरावे, हा संस्थानांतील नेहमींचा क्रम. कोल्हापुरांत तसें झालें नाहीं. शाहूंच्या चळवळींतले अण्णासाहेब लठ्ठे हे नव्या कारकीर्दींत कांहीं वर्षें दिवाण होते, आणि शाहूंचें पहिलें मोठें इंग्रजी चरित्र १९२४ मध्यें त्यांच्याच लेखणींतून उतरलें. शहर वाढलें, राजारामपुरीची वसाहत झाली. कसबा बावड्यास साखर कारखाना निघाला. १९३९ च्या आरंभीं उजळाईवाडीस विमानतळ सुरू झाला, तो आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. सिनेमाच्या धंद्यास दरबारचा आश्रय मिळाला. दृष्टि आधुनिक होती, हात उद्योगाचा होता.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो बावड्याजवळचा बंधारा. अशा बंधाऱ्याची रचना साधी आहे. पात्रांत ओळीनें दगडी खांब, खांबांना खांचा, पावसाळा सरला कीं त्या खांचांतून लांकडी बरगे घालावयाचे आणि नदी अडवावयाची, मृगाच्या आधीं ते काढून घ्यावयाचे, म्हणजे पुराचें पाणी आणि त्याबरोबरचा गाळ मोकळा निघून जातो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून सबंध महाराष्ट्र आज ह्या रचनेला ओळखतो. आतां हा बंधारा आणि राधानगरीचें धरण ह्यांचा संबंध लक्षांत घ्या. राधानगरीच्या पाण्याचा मोठा भाग कालव्यांतून जात नाहीं. धरणांतून पाणी नदींत सोडतात; नदी हाच कालवा. खालीं जागोजाग असलेले बंधारे तें पाणी थोपवून धरतात, आणि दोन्ही कांठचे शेतकरी तें उपसून आपल्या शिवारांत नेतात. माथ्याला सांठा नसेल, तर बंधाऱ्यांत उन्हाळ्यांत अडवावयाला पाणीच नाहीं. आणि खालीं बंधारे नसतील, तर धरणांतून सोडलेलें पाणी शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत कृष्णेला जाऊन मिळेल. पंचगंगेच्या खोऱ्यांतला ऊंस, तेथलीं गुऱ्हाळें, तो नांवाजलेला गूळ, हें सारें ह्या दोन कामांच्या जोडीवर उभें आहे. पित्यानें विचार केला तो पाणी सांठविण्याचा. पुत्राच्या काळीं काम झालें तें पाणी थांबविण्याचें. एकाची दृष्टि डोंगराकडे, दुसऱ्याची शेताच्या बांधाकडे. ह्यांत थोरला-धाकटा लावण्यापूर्वी थोडें थांबावें, असें मला वाटतें.

इथपर्यंत मी राजाराम महाराजांचा वकील झालों. आतां फिर्यादीची बाजूही मांडली पाहिजे, नाहीं तर हें भाषण म्हणजे नुसती स्तुति होईल.

१९१८ मध्यें थांबलेली भिंत १९२२ मध्यें त्यांच्या ताब्यांत आली. त्यांच्या कारकीर्दीचीं अगदीं अखेरचीं वर्षें येईपर्यंत ती जवळजवळ तशीच होती. मध्यें किती उन्हाळे गेले! त्या अवधींत, १९३१ ते १९३४ ह्या वर्षांत, रंकाळ्याच्या कांठीं शालिनी पॅलेस उभा राहिला. त्याला आठ लाख रुपये लागले असें सांगतात. देखणी इमारत आहे. संध्याकाळीं तिची सांवली तलावांत पडली म्हणजे कोणीही थबकून पाहावें. पण राधानगरीच्या त्या ४० फुटी भिंतीजवळ उभें राहून ह्या राजवाड्याची आठवण केली, तर मनांत प्रश्न उठल्यावांचून राहत नाहीं. तोच पैसा आणि तींच वर्षें भोगावतीवर लागलीं असतीं, तर?

ह्या प्रश्नाला त्यांच्या बाजूनें उत्तर आहे, नाहीं असें नाहीं. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत शेतमालाचे भाव कोसळले. शेतसाऱ्यावर जगणाऱ्या संस्थानाला तो मोठा फटका होता. शंभर फूट भिंत चढविण्याचा खर्च एका राजवाड्याच्या खर्चांत भागत नाहीं, हेंही खरें. शिवाय शाहू महाराजांनीं तरी हौसेवर पैसा खर्च केला नाहीं काय? शिकार, कुस्त्या, खासबागेचें भव्य मैदान, हें सर्व त्यांचेंच. मात्र एक भेद राहतो. शाहूंच्या हौसेंत रयत शेजारीं येऊन बसत असे; खासबागेच्या मैदानांत राजा आणि शेतकरी एकाच कुस्तीकडे पाहत. राजवाड्याच्या दारांतून शेतकऱ्याला आंत जातां येत नाहीं. म्हणून राजवाड्याचा हिशेब रयत अधिक कडकपणें मागते, आणि तो तिचा हक्क आहे.

हा हिशेब मागणारी माणसें कोठून आलीं, तें पाहण्यासारखें आहे. १९३८-३९ मध्यें कोल्हापूर संस्थानांत शेतकऱ्यांचे मोर्चे निघाले; १९३९ च्या फेब्रुवारींत जयसिंगपूर येथें प्रजापरिषदेची स्थापना झाली. सारा कमी करा, आणि कारभारांत प्रजेला वांटा द्या, ही मागणी. पुढारी माधवराव बागल, आणि त्यांच्या जोडीला रत्नाप्पा कुंभार. बागलांचे वडील खंडेराव हे सत्यशोधक मताचे, शाहूंच्या काळांतले नामांकित लोक. रत्नाप्पा हे खेड्यांतून येऊन कोल्हापुरांत शिकलेले. आणि परिषदेचें ठिकाण जें जयसिंगपूर, ती बाजारपेठ शाहू महाराजांनीं आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नांवानें वसविलेली! बापानें पेरलें तें मुलाच्या कारकीर्दींत उगवलें. आणि उगवलें तें मुलाच्याच दारीं जाब विचारावयास गेलें. दरबारानें त्याला उत्तर दिलें तें बहुधा बंदीहुकुमांनीं आणि अटकांनीं. येथें राजाराम महाराज कमी पडले, असें स्पष्ट म्हटलें पाहिजे. शिकलेली प्रजा पित्याला हवी होती. ती बोलूं लागल्यावर तिचें ऐकण्याची पाळी पुत्रावर आली.

परंतु न्याय करावयाचा तर येथेंही थोरल्या महाराजांना सोडतां येत नाहीं. त्यांचे सगळे मोठे हुकूम हे एका माणसाच्या इच्छेचे हुकूम होते. प्रजेच्या हिताचे होते, हें निर्विवाद. पण प्रजेनें मत देऊन केलेले नव्हते. लोकांनीं निवडलेल्या आणि खऱ्या अधिकाराच्या सभेच्या हातीं कारभार त्यांनींही दिला नाहीं. आधीं शिक्षण, मग स्वराज्य, हा त्यांचा क्रम होता, आणि त्या काळच्या बहुजनांची स्थिति पाहतां त्यांत तथ्यही होतें. तथापि तो 'मग' पुढील राजासाठीं ठेवलेला होता. म्हणजे भोगावतीवरची भिंत जशी अर्धी राहिली, तशी दरबार आणि रयत ह्यांच्या नात्याची उभारणीही अर्धीच राहिली; आणि दोन्हींचा दोष मात्र आपण एकट्या वारसाच्या माथीं मारतों.

१९४० च्या २६ नोव्हेंबरला राजाराम महाराज वारले. वय अवघें त्रेचाळीस. धरणाचें काम त्यांच्या अखेरच्या दिवसांत पुन्हा हातीं घेतलें गेलें होतें, पण पुन्हा महायुद्ध आडवें आलें. एका युद्धानें बापाचा हात धरला, दुसऱ्यानें मुलाचा. त्यांना पुत्र नव्हता. १९४१ मध्यें दत्तक आलेले बालराजे शिवाजी १९४६ सालीं निवर्तले. १९४७ मध्यें देवासचे विक्रमसिंहराव पवार हे शहाजी छत्रपति ह्या नांवानें दत्तक आले. हे विक्रमसिंहराव कोण? राधाबाई आक्कासाहेबांचे चिरंजीव! जिच्या नांवानें धरणाचें गांव वसलें, तिचाच मुलगा कोल्हापूरचा अखेरचा सत्ताधारी राजा झाला. आणि धरण अपुरें असतांनाच, १ मार्च १९४९ रोजीं, संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. छत्रपतींची सत्ता संपली, राधानगरी राहिली.

भिंत पुरी झाली ती त्यानंतरच्या दशकांत, लोकांनीं निवडलेल्या सरकारच्या अमलाखालीं. आज त्या जलाशयांत सुमारें ८३६ कोटी घनफूट पाणी मावतें. पायथ्याशीं वीजघर आहे. भिंतीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव पूर्ण पातळीस आला कीं पाण्याच्या दाबानें आणि वजनांच्या तोलानें ते आपले आपण उचलले जातात. पातळी उतरली कीं आपोआप मिटतात. एकेका दरवाजांतून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी झेंप घेतें. धो धो पावसांत तेथें उभें राहून तो पांढरा लोट पाहिला, म्हणजे कोणाच्या हुकुमाची वाट न पाहतां उघडणारी ती दारें मोठीं अर्थपूर्ण वाटतात. मात्र त्याच वेळीं आणखी एक आठवण ठेवावी. ह्या पाण्याखालीं कोणाचीं तरी शेतें आहेत, कोणाचीं घरें होतीं. खालच्या खोऱ्यांत ऊंस पिकला, तो ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या त्यागावर. राजांची तुलना करतांना ह्या माणसांना जमेस न धरणें, ही इतिहास लिहिणारांची जुनी खोड आहे.

आपल्या पुराणांत गंगा आणल्याचें श्रेय भगीरथाला आहे. पण त्याच्या आधीं अंशुमानानें तप केलें होतें, दिलीपानें केलें होतें. दोघेही काम अपुरें टाकून गेले. तपाची वही भगीरथाच्या नांवावर मिटली, म्हणून त्यालाच गंगा 'भागीरथी' होऊन पावली. राधानगरीची गोष्ट नेमकी उलट आहे. येथें आरंभ करणाऱ्याचें नांव राहिलें, आणि पुढें नेणाऱ्यांचीं व पुरें करणाऱ्यांचीं नांवें पुसट झालीं. दोन्ही रीतींत थोडा अन्याय आहेच. ज्यानें कोणी पाहिली नव्हती ती गोष्ट प्रथम पाहिली, त्याला मोठा वांटा द्यावा, हें योग्य. पण चाळीस वर्षांचें काम एका आयुष्यांत मावत नाहीं. मधल्या माणसानें तें मोडून टाकलें असतें, दगड विकले असते, बापाचे हुकूम फिरविले असते, तर आज आपण शाहूंच्या नांवानें काय दाखविलें असतें? एक अर्धवट भिंत, आणि कांहीं जाहीरनामे.

म्हणून माझा निवाडा असा. दूरदृष्टींत आणि अंतःकरणाच्या विशालतेंत शाहू महाराजांच्या जवळपासही राजाराम महाराज येत नाहींत. रयत बोलूं लागली तेव्हां तिचें ऐकण्यांत ते चुकले, आणि भिंतीला हात लावण्यास त्यांनीं फार विलंब केला. पण वारसा त्यांनीं उधळला नाहीं. सामाजिक धोरण टिकवून धरलें. वरचें धरण पुढें ज्याच्यामुळें कामास यावयाचें, तो खालचा बंधारा त्यांच्या राजवटींत झाला. आणि अखेरीस कां होईना, वडिलांचा सोडलेला धागा पुन्हा उचलला. चांगल्या राजाचा मुलगा थोरच असावा, हा आग्रह आपण सोडून द्यावा. त्यानें वडिलांचें काम बुडूं दिलें नाहीं, तर तेवढ्यापुरता त्याचा मान त्याला द्यावा, आणि जेथें तो चुकला तेथें तसें म्हणावें.

येत्या पावसाळ्यांत बातम्यांत पुन्हा तीं दोन नांवें आपल्या कानांवर येतील. राधानगरीचे इतके दरवाजे उघडले. राजाराम बंधाऱ्यापाशीं पाणी इतक्या फुटांवर. पहिल्या नांवापासून निघालेलें पाणी दुसऱ्या नांवापर्यंत पोचावयास कांहीं तास लागतात. कांठावरचीं माणसें तेवढ्या वेळांत चीजवस्तु हलवितात, गुरें सोडतात, शेजाऱ्याला हांक देतात. त्या घाईंत इतिहास आठवावा असें कोणी म्हणणार नाहीं. पण पूर ओसरल्यावर, बंधाऱ्याचे बरगे पुन्हा बसूं लागतील तेव्हां, बापलेकांच्या ह्या जोडीची एकत्र आठवण करावी, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.